स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड

मराठी घरात ‘ओटा’ हा शब्द फार पूर्वीपासून घरापुढच्या किंवा अंगणाच्या कडेच्या बैठ्या उंचवट्यासाठी रूढ आहे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांत सदनिका वाढल्या, गॅसची शेगडी घरोघरी पोहोचली, बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, आणि हाच शब्द स्वयंपाकघरातल्या कमरेइतक्या उंचीच्या दगडी फळीलाही चिकटला. या फळीवर दिवसभरात जे काही घडते ते घरातल्या दुसऱ्या कोणत्याही पृष्ठभागाच्या वाट्याला येत नाही. तिच्यावर नारळ फोडला जातो, लिंबू पिळले जाते, फोडणीतले हळदीचे तेल उडते, भिजवलेल्या कोकमाचे पाणी सांडते, शेगडीवरून उतरवलेला तवा टेकवला जातो आणि रात्री सगळे धुऊन पुसून पुन्हा सकाळची तयारी होते. स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना कपाटांची दारे किंवा भिंतीचा रंग चुकला तर तो पुढे बदलता येतो. ओट्याचा दगड बदलायचा म्हणजे मात्र सिंक, नळजोडणी, शेगडी आणि भिंतीवरच्या टाइल्सची खालची ओळ या सर्वांनाच हात लावावा लागतो, त्यामुळे एकदा बसवलेला दगड बहुधा वीसपंचवीस वर्षे तसाच राहतो. एवढ्या काळासाठी केलेली ही निवड पुष्कळदा दुकानातल्या झगमगाटात, केवळ रंग पाहून, अर्ध्या तासात उरकली जाते. दुकानातले नाव दगडाचा रंग सांगते, क्वचित खाणीचे गाव सांगते. त्यातली खनिजे मात्र सांगत नाही, आणि ओट्याचे सगळे बरेवाईट ठरते ते खनिजांवरच.

महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भूभागावर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, पसरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. किल्ले, वाडे, लेणी, मंदिरे आणि घरातले पाटा-वरवंटा व जाते याच दगडाचे. तरीही ओट्यावर तो क्वचितच दिसतो. लाव्हा पृष्ठभागावर वेगाने थंड होताना आकसतो आणि त्यात जागोजागी भेगांचे जाळे पडते, शिवाय अडकलेल्या वायूंमुळे अनेक थरांत बारीक पोकळ्या राहतात. परिणामी या दगडाचे चिरे उत्तम निघतात, पण आठदहा फूट लांबीची अखंड आणि पातळ फळी सहजी निघत नाही. कोकणातला आणि गोव्यातला जांभा तर त्याहूनही सच्छिद्र. म्हणून मराठी स्वयंपाकघराचा ओटा बहुतेक वेळा परप्रांतातून येतो. पूर्व विदर्भात आणि नांदेडच्या देगलूर परिसरात ग्रॅनाइटचे जुने खडक आहेत, परंतु पुण्यामुंबईच्या बाजारात दिसणारा बहुतांश माल आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू आणि राजस्थान येथला असतो.

या परप्रांतीय दगडांपैकी मराठी घरांना सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून ओळखीचा झालेला दगड म्हणजे कडप्पा. आंध्र प्रदेशाच्या रायलसीमा भागातील कडप्पा जिल्ह्यावरून त्याला हे नाव मिळाले. हा काळसर, गुळगुळीत, सपाट थरांत निघणारा दगड मुळात चुनखडीचा आहे, म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनायुक्त गाळापासून तो बनला आहे. थरांत निघत असल्यामुळे त्याच्या फरश्या करणे सोपे आणि स्वस्त. त्यामुळे चाळींतल्या खोल्यांपासून मध्यमवर्गीय सदनिकांपर्यंत कित्येक दशके ओटा म्हणजे कडप्पा असेच समीकरण होते. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी फरशी आणि राजस्थानातला कोटा हेही त्याच चुनखडीच्या कुळातले, फक्त त्यांचा मान जमिनीवरचा. आज कडप्प्याची जागा ओट्याच्या वरून खाली सरकली आहे: उभे आधार, भांड्यांचे कप्पे आणि ग्रॅनाइटखालची फळी यांसाठी गवंडी आजही त्यालाच पसंती देतात, आणि ती रास्त आहे, कारण पाण्याने तो प्लायवूडसारखा फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. वरच्या पृष्ठभागासाठी मात्र तो कमी पडतो, कारण त्याचे मुख्य खनिज कॅल्साइट हे मऊ आहे आणि आंबट पदार्थांपुढे ते टिकत नाही.

मऊ आणि कठीण हे शब्द येथे मोघम नाहीत. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची एक श्रेणी मांडली, जिच्यात वरच्या पायरीचे खनिज खालच्या पायरीच्या खनिजावर ओरखडा काढू शकते. तळाशी १ वर शंखजिरे आहे, शिखरावर १० वर हिरा. कॅल्साइट ३ वर, फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे खनिज, ७ वर. स्वयंपाकघरातल्या पोलादी सुरीचे पाते या श्रेणीत साधारण साडेपाचच्या आसपास येते. एवढ्या एका आकड्यावरून ओट्याच्या दगडांची विभागणी होते: कडप्पा, कोटा आणि संगमरवर सुरीने ओरखडतात, कारण ते कॅल्साइटचे आहेत, ग्रॅनाइट ओरखडत नाही, उलट त्यावर भाजी चिरली तर सुरीचीच धार जाते.

ग्रॅनाइट हा भूगर्भात खोलवर, लाखो वर्षांच्या संथ गतीने थंड झालेल्या शिलारसापासून बनलेला अग्निजन्य खडक आहे. थंड होण्यास वेळ मिळाल्यामुळे त्यातली खनिजे डोळ्यांना दिसतील एवढ्या दाण्यांची झाली: काचेसारखे करडे दाणे क्वार्ट्झचे, पांढरे किंवा गुलाबी फेल्डस्पारचे आणि चमचमणारे काळे पापुद्रे अभ्रकाचे. भूविज्ञानाच्या काटेकोर व्याख्येनुसार क्वार्ट्झ व फेल्डस्पार या फिक्या खनिजांत क्वार्ट्झचा वाटा किमान एक पंचमांश असेल तरच खडकाला ग्रॅनाइट म्हणता येते. बाजाराची व्याख्या मात्र बरीच सैल आहे. पॉलिश घेणारा कोणताही कठीण, दाणेदार दगड तेथे ग्रॅनाइटच्या नावाने विकला जातो. मराठी घरांत सर्वाधिक मागणी असलेला काळाभोर ‘ग्रॅनाइट’ हा या व्याख्येनुसार ग्रॅनाइट नव्हेच. तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे रासायनिक दृष्ट्या सह्याद्रीच्या बेसाल्टचाच जवळचा नातलग, केवळ पृष्ठभागाखाली सावकाश थंड झाल्यामुळे अधिक दाट आणि अखंड राहिलेला. आंध्रच्या प्रकाशम जिल्ह्यातील चिमकुर्ती येथे निघणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ याच जातीचा आहे आणि त्यात चमकणारे सोनेरी ठिपके सोन्याचे किंवा अभ्रकाचे नसून ब्राँझाइट या खनिजाचे आहेत. ‘काश्मीर व्हाइट’ हे नाव याहूनही अधिक फसवे, कारण तो दगड काश्मीरचा नाही; तो तमिळनाडूत निघतो, आणि त्यातले तांबडे ठिपके गार्नेटचे असतात.

ही नावांची चर्चा केवळ पांडित्याची नाही. खऱ्या काळ्या दगडात क्वार्ट्झ नसल्यासारखाच असल्यामुळे तो फिक्या ग्रॅनाइटपेक्षा किंचित मऊ असतो, परंतु त्याचे दाणे एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात की पाणी आणि तेल आत शिरायला वाव फारच थोडा मिळतो. फिक्या, विशेषतः पांढऱ्या ग्रॅनाइटमध्ये दाण्यांच्या सीमांवर सूक्ष्म फटी अधिक असतात. त्यांतून तेल आत झिरपते आणि शेगडीच्या बाजूला काळपट, ओलसर दिसणारा डाग वर्षानुवर्षे वाढत जातो. म्हणून रोज फोडणी होणाऱ्या घरात काळा किंवा गडद तपकिरी, बारीक दाण्यांचा दगड ही केवळ जुन्या पिढीची सवय नसून खनिजांच्या हिशेबानेही योग्य अशी निवड आहे. फिकाच दगड हवा असेल तर त्यावर सीलर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांत शिरून त्यांना आतून अस्तर देणारे द्रावण, लावून घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने ते पुन्हा लावावे लागते, हे आधीच गृहीत धरले पाहिजे.

संगमरवराचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण अलीकडे मासिकांतली आणि पडद्यावरची स्वयंपाकघरे पाहून पांढऱ्या संगमरवराच्या ओट्याची इच्छा अनेकांना होते. संगमरवर म्हणजे चुनखडीचे भूगर्भातील उष्णतेने आणि दाबाने झालेले रूपांतर. रूप पालटले तरी खनिज कॅल्साइटच राहिले. लिंबातले सायट्रिक आम्ल, चिंचेतले टार्टारिक आम्ल, दह्यातले लॅक्टिक आम्ल किंवा सोलकढीसाठी काढलेला आगळ यांचा थेंब कॅल्साइटवर पडला की आम्ल त्याला विरघळवते, कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि त्या जागची चकाकी जाऊन निस्तेज वर्तुळ उमटते. या वर्तुळाला लोक डाग म्हणतात आणि ते घासून काढू पाहतात, परंतु तो डाग नव्हे. डाग म्हणजे बाहेरचा रंग दगडात शिरणे, आणि येथे तर दगडाचाच पातळ थर नाहीसा झालेला असतो. त्यामुळे कोणत्याही साबणाने तो जात नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागते. सीलरही येथे उपयोगी पडत नाही, कारण तो छिद्रे भरतो, पृष्ठभागावरच्या कॅल्साइटला आम्लापासून वाचवत नाही. ज्या स्वयंपाकात आंबटाशिवाय आमटी नाही आणि लिंबाशिवाय पोहे नाहीत, तेथे संगमरवराचा ओटा घालणे हा दगडावर अन्यायच आहे. हाच संगमरवर पोळपाट म्हणून मात्र उत्तम ठरतो, कारण तेथे त्याचा संबंध कणकेशी येतो, आंबटाशी नाही, आणि त्याच्या स्पर्शाचा गारवा लाटण्याच्या कामी येतो. देवघराच्या पायरीसाठी तो घ्यावा, बैठकीच्या खिडकीसाठी घ्यावा; शेगडीशेजारी नको.

हळदीचा डाग हा खरा डाग. हळदीतले कुर्कुमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही पण तेलात विरघळते, म्हणूनच फोडणीतली हळद सच्छिद्र दगडात तेलाच्या वाटेने खोलवर उतरते. तेच कुर्कुमिन सूर्यप्रकाशात विघटित होते, त्यामुळे उन्हाची तिरीप येणाऱ्या ओट्यावरचा पिवळेपणा काही दिवसांत आपोआप फिकट होतो. नुसत्या तेलाच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा पाण्यात कालवलेला जाडसर लेप पसरून, तो प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवला तर लेप वाळताना आतले तेल काही प्रमाणात बाहेर ओढून घेतो. एकदा केल्याने भागले नाही तर दोनतीनदा करावे.

गेल्या काही वर्षांत दुकानांतून ‘क्वार्ट्झ’ या नावाने जो देखणा, एकसारख्या रंगाचा दगड मिळतो, तो खाणीतून निघालेला नसतो. क्वार्ट्झ खनिजाचा चुरा आणि पॉलिएस्टरसारखी राळ एकत्र कालवून, निर्वात स्थितीत कंपन आणि दाब देऊन त्याच्या फळ्या घडवल्या जातात. हे तंत्र इटलीतील ब्रेटन या कंपनीने विकसित केले आणि नंतर ते जगभर पसरले. वजनाच्या हिशेबाने त्यात साधारण नव्वद टक्क्यांहून अधिक क्वार्ट्झ असतो. छिद्रे जवळपास नसल्यामुळे त्याला सीलर लागत नाही, लिंबू-चिंचेचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि पांढऱ्याशुभ्र ओट्याची हौस त्याच्यामुळे संगमरवराविना भागते. त्याचा कच्चा दुवा म्हणजे राळ. क्वार्ट्झला उष्णतेची भीती नाही, पण राळेला आहे. साधारण दीडशे अंश सेल्सियसच्या पुढे ती करपते आणि पिवळी पडते, आणि भाकरीचा तवा त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. अशा ओट्यावर तवा, कढई किंवा कुकर टेकवण्यापूर्वी खाली जाळी ठेवण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही, लावून घेता येईल का याचा प्रामाणिक विचार खरेदीपूर्वी व्हावा. ज्या खिडकीतून थेट ऊन येते तेथेही राळेचा रंग कालांतराने पालटतो. या बाबतीत नैसर्गिक ग्रॅनाइट निर्धास्त आहे. तापलेले भांडे तो सहज सोसतो, फक्त सिंकभोवतीच्या अरुंद पट्टीवर एका बाजूला उकळते भांडे आणि दुसऱ्या बाजूला गार पाणी असा अचानक फरक पडू देऊ नये.

दुकानात दगड पाहताना छोटासा नमुना हातात घेऊन भागत नाही. जी फळी घरी यायची ती फळीच, शक्य तर दिवसाच्या उजेडात, कोरडी आणि ओली अशा दोन्ही अवस्थांत पाहावी. पाण्याचे काही थेंब तिच्यावर दहा मिनिटे ठेवून पुसल्यावर खाली गडद खूण उमटली तर दगड पाणी पितो असे समजावे. लिंबाच्या रसाचा थेंब तेवढाच वेळ ठेवून पुसल्यावर चकाकी गेली तर दगडात कॅल्साइट आहे, मग विक्रेता त्याला कोणतेही नाव देवो. करड्या दगडाला रंग चढवून तो काळा म्हणून विकण्याचा प्रकारही होतो. नखांचे रंग काढण्यासाठी वापरले जाणारे अ‍ॅसिटोन पांढऱ्या कापसावर घेऊन कोपऱ्यात घासले आणि कापूस काळा झाला, तर तो रंग निसर्गाचा नाही. फळीच्या मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल तर दगड मुळातच ठिसूळ असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. बोटाच्या पेराने ठोकल्यावर अखंड फळी खणखणीत वाजते, तडा असलेली बद्द वाजते. मडके पारखण्याची ही जुनी रीत येथेही चालते.

जाडीच्या बाबतीत काटकसर करू नये. बाजारात १६ ते १८ मिलिमीटर जाडीच्या फळ्या सर्रास मिळतात, आणि खाली कडप्प्याची सलग फळी असेल तर त्या पुरतातही. परंतु केवळ कपाटांच्या कडांवर टेकणाऱ्या ओट्याला २० मिलिमीटर जाडी घेणे अधिक सुरक्षित. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन दर चौरस फुटाला सुमारे पाच किलो भरते, म्हणजे दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याचा दगडच शंभर किलोच्या घरात जातो; काळा दगड त्याहूनही थोडा जड. हा भार खालच्या आधाराने पेलायचा असतो. दगड मोडतो तो बहुधा मधोमध नव्हे, तर सिंकसाठी किंवा बसत्या शेगडीसाठी कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्यापासून, कारण काटकोनी कोपऱ्यावर ताण एकवटतो. म्हणून ते कोपरे गोलसर कापून घ्यावेत, खिडकीपुढे उरणारी पट्टी अगदीच अरुंद ठेवू नये आणि सांधा सिंकवर येऊ देऊ नये. पुढच्या कडेच्या खाली एक बारीक खाच मारून घेतली तर ओघळणारे पाणी कपाटाच्या दारांवर न जाता तेथेच गळून पडते. खर्च नगण्य, उपयोग मोठा. उंचीचे मात्र एकच माप सर्वांना लागू पडत नाही. बत्तीस ते छत्तीस इंच हा रूढ पल्ला आहे, परंतु उभे राहून कोपर वाकवल्यावर त्याच्या चारपाच इंच खाली ओटा यावा हे धोरण ठेवले, आणि ते घरात सर्वाधिक वेळ स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या मापाने ठेवले, तर पाठीचे पुष्कळ दुखणे टळते.

या सगळ्या हिशेबात एक माणूस नेहमी राहून जातो, तो म्हणजे दगड कापणारा कारागीर. क्वार्ट्झ म्हणजे रासायनिक दृष्ट्या स्फटिकरूप सिलिका, आणि ती कापताना उडणारी डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन रुतते. त्यातून सिलिकोसिस हा रोग होतो, जो एकदा जडला की बरा होत नाही आणि क्षयाचा धोकाही वाढवतो. भारतात तो सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांपैकी एक आहे, आणि खाणकामगारांतल्या त्याच्या प्रसारामुळे राजस्थान सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखावे लागले. संगमरवरात स्फटिकरूप सिलिका अत्यल्प असते, काळ्या दगडात कमी, फिक्या ग्रॅनाइटमध्ये बरीच आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या फळीत सर्वाधिक. इस्राएलमधील डॉक्टरांनी २०१२ साली कृत्रिम दगड कापणाऱ्या, फुप्फुस प्रत्यारोपणासाठी पाठवलेल्या २५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या फळ्यांचे उत्पादन, विक्री आणि बसवणी यांवर देशभर बंदी घातली. घरात बसवून झालेला ओटा कुणालाही अपाय करत नाही. अपाय होतो तो कापताना.

आणि हे कापणे आपल्याकडे पुष्कळदा ग्राहकाच्या घरातच होते. दगड आणून टाकला जातो, सिंकची जागा आखली जाते, आणि एक तरुण कारागीर तोंडाला रुमाल बांधून, हाती चालवायच्या ग्राइंडरने, बंद खोलीत तो कोरडाच कापतो. पांढऱ्या धुळीने घर भरते आणि घरचे लोक ती खाली बसेपर्यंत दुसऱ्या खोलीत थांबतात. रुमाल ही धूळ अडवत नाही. पाते सतत पाण्याखाली चालवणाऱ्या यंत्रावर, कार्यशाळेतच सगळ्या खिडक्या आणि कडा कापून मगच फळी घरी आणावी, असे ठरवता येते. त्यासाठी सिंक आणि शेगडी आधी विकत घेऊन त्यांची मापे दुकानदाराला द्यावी लागतात, एवढेच. ओट्याचा दगड ठरवताना भावाच्या आणि पॉलिशच्या चौकशीबरोबर ‘हा पाण्याखाली कापून देणार ना?’ हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारावा, आणि उत्तर नकारार्थी असेल तर दुसरे दुकान गाठावे.